कथा सारखी, ताट वेगळं

ख्रिस्ती धर्माबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी एकाच दमात बोलल्या जातात. पहिली, त्यात नवं काही नाही. कुमारी माता, गोठ्यातला जन्म, दुष्ट राजाने केलेली बाळांची कत्तल, मरून उठलेला देव, हे सगळं आधीपासून होतं आणि बरंचसं आपल्याकडूनच तिकडे गेलं. दुसरी, तो धर्म या मातीला इतका परका आहे की आमिष दाखवल्याशिवाय इथला माणूस त्याच्याकडे वळायचाच नाही. जे आपलंच आहे ते परकं कसं, हा प्रश्न बोलणाऱ्याला पडत नाही. प्रचारकही काही कमी नाहीत. तारणाचा मार्ग एकच, असं सांगून झालं की लगेच प्रजापतीच्या बलिदानात ख्रिस्ताची पूर्वसूचना होती, असा वेदाचा हवाला देतात. साम्य दोघांनाही हवं असतं, आपापल्या सोयीपुरतं.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात धर्माधर्मांतल्या साम्याची चर्चा आहे. दुसऱ्या भागात माणसं ख्रिस्ती झाली ती कशी, याची. एकदा रोमन साम्राज्यात पहिल्या तीन शतकांत, आणि एकदा पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरात, गेल्या शंभरेक वर्षांत. हे दोन विषय एका पुठ्ठ्यात का बांधले, असं काही मित्रांनी विचारलं. ही प्रस्तावना मुख्यतः त्याचं उत्तर म्हणून लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: साम्य शोधायचं तर ते देवांच्या जन्मकथांत शोधून फारसं हाती लागत नाही. धर्म बदलणाऱ्या माणसाला काय सोडावं लागतं आणि कुणाच्या पंगतीतून उठावं लागतं, तिथे ते शोधावं. तिथे ख्रिस्ती, महानुभाव, माळकरी आणि आदिवासींमधल्या सुधारणेच्या चळवळी एकमेकांच्या इतक्या जवळ येतात की आश्चर्य वाटावं.

पिंपळनेर हे पांझरेच्या वरच्या अंगाचं, साक्री तालुक्यातलं बाजाराचं गाव. एकेकाळी तालुक्याचं ठाणं इथेच होतं, ही आठवण गावातली जुनी माणसं अजून काढतात. पूर्वेला धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा शेतकरी मुलूख. पश्चिमेला डोंगर चढले की कोकणी, मावची आणि भिल्ल या आदिवासींचे पाडे, त्यापलीकडे गुजरातचा डांग. दक्षिणेला शेलबारी ओलांडली की बागलाण, आणि चरणमाळच्या घाटाने खाली उतरलं की नवापूर. चारी वाटांनी इथे चार प्रकारचे देव येऊन बसलेले आहेत.

साम्याच्या वादात या मुलखाला एक खास जागा आहे, आणि ती इथल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पंडितांना कृष्णकथा कळली तेव्हा त्यांची झोप उडाली. कंसाच्या भीतीने हलवलेलं बाळ आणि हेरोदाच्या भीतीने मिसरात नेलेलं बाळ. कर भरायला मथुरेला गेलेला नंद आणि नावनोंदणीसाठी बेथलेहेमला गेलेला योसेफ. काही फ्रेंच लेखकांनी यावरून ख्रिस्त ही कृष्णाची नक्कल ठरवली. उलट जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८६७ साली जन्माष्टमीवरच्या दीर्घ निबंधात कृष्णजन्माचा उत्सव ख्रिस्ती वळणाचा असल्याचं मांडलं. आणि मग या वादात आपले रा. गो. भांडारकर उतरले.

भांडारकरांनी १९१३ साली वैष्णव, शैव आणि इतर पंथांवर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी वासुदेव कृष्ण आणि गोपाळ कृष्ण यांची फारकत केली. वासुदेवाची भक्ती जुनी, गोकुळातल्या बाळाची मात्र नंतरची. हा बाळदेव आणला कुणी? तर आभीरांनी. ही गुरं राखणारी भटकी जमात इसवीसनाच्या पहिल्या शतकात पश्चिमेकडून आली असावी. येताना तिने बाळदेवाची पूजा, त्याच्या गरीब घरच्या जन्माची कथा, बालहत्याकांड, आणि कदाचित ख्रिस्ताचं नावही बरोबर आणलं असावं, असा तर्क भांडारकरांनी केला. आभीर म्हणजे अहिर. ज्यांच्या नावावरून आपल्या बोलीला अहिराणी म्हणतात, तेच. म्हणजे भांडारकरांचं खरं मानायचं तर खानदेश हाच ख्रिस्ती कथा भारतात मुरण्याचा एक रस्ता ठरतो, आणि तोही मिशनऱ्यांच्या आधी दीड-पावणेदोन हजार वर्षं!

तर्क देखणा आहे. भांडारकरांसारखा काटेकोर माणूस तो करतो म्हणून वजनदारही वाटतो. पण टिकत नाही. कंसवधाची कथा पतंजलीच्या महाभाष्यात आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या दीडेकशे वर्षं आधीची. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. विदिशेजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवाच्या नावाने गरुडस्तंभ उभारला तो इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. दुष्ट कंस आणि त्याच्या हातून वाचलेला भाचा ही जोडी आधीचीच असेल तर ती आणायला आभीरांची गरज उरत नाही. बाळलीलांचा विस्तार पुढे झाला हे खरं, पण तो गुराख्यांच्या वस्तीत झाला यासाठी पॅलेस्टाइनपर्यंत जायला नको. हेमचंद्र रायचौधुरींनी १९२० सालीच हा तर्क खोडून काढला. तरी मी या पुस्तकात त्याला एक अख्खं प्रकरण दिलं आहे. चुकलेले तर्कही काही शिकवतात, आणि हा तर्क आपल्या अंगणातला आहे.

तो काय शिकवतो ते सांगायला आभीरांचाच एक लेख उपयोगी पडतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या राज्यवर्षातला एक शिलालेख आहे. त्यात एका बाईने केलेल्या दानाची नोंद आहे. बाईचं नाव विष्णुदत्ता, बापाचं नाव अग्निवर्मा, कूळ शक, धर्माने बौद्ध उपासिका. दान कशासाठी, तर लेण्यातल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. पैसे कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले आहेत. राजा आभीर, बाई शक, नाव विष्णूचं, श्रद्धा बुद्धावर. कुणी कुणाकडून काय उचललं याचा हिशेब मांडायला बसलं तर या एका लेखातच वही संपेल. विष्णुदत्तेला मात्र तो प्रश्न पडलेला दिसत नाही. तिला औषधाची सोय लावायची होती.

दुसरा दाखला शेलबारीपलीकडचा. ताहराबादजवळ मांगी-तुंगीचे सुळके आहेत. जैनांचं हे मोठं तीर्थ. जैन परंपरा सांगते की बलरामाने कृष्णाचे अंत्यसंस्कार इथे केले आणि मग तुंगीवर तप केलं. जैन पुराणांत कृष्ण आहे, तो नेमिनाथ तीर्थंकरांचा चुलतभाऊ आहे, पण तो भजायचा देव नाही. कर्माचा भोग चुकवू न शकलेला पराक्रमी पुरुष आहे. तिथून जवळच मुल्हेरला कोजागिरीच्या रात्री उद्धव महाराजांच्या परंपरेतली रासक्रीडा होते, आणि तिथला कृष्ण साक्षात परब्रह्म. एकाच खोऱ्यात एकाच कृष्णाच्या दोन कथा नांदतात, आणि मांगी-तुंगीच्या पायऱ्या चढणारा जैन यात्रेकरू त्यामुळे वैष्णव होत नाही. कथा सारखी असली म्हणजे धर्म सारखा होतो, या समजुतीला इतका हाताशी असलेला छेद दुसरीकडे क्वचित मिळेल.

युरोपातही तेच घडलं, उलट बाजूने. सिद्धार्थ गौतमाची कथा मध्य आशियातून अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करत पश्चिमेला पोहोचली आणि बोधिसत्त्वाचा ‘जोसाफत’ नावाचा ख्रिस्ती संत झाला. कॅथलिक संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. शतकानुशतकं युरोपातली माणसं बुद्धापुढे मेणबत्ती लावत होती. ती बौद्ध झाली नाहीत.

ख्रिस्ती धर्म नवा असतानाही हाच वाद झाला होता. इसवीसन १७८ च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक पंडिताने ख्रिस्त्यांना सुनावलं की तुमच्याकडे आहे ते सगळं आमच्याकडे आधीपासून आहे, आणि अधिक चांगलं आहे. त्याच्या आधी पंचवीसेक वर्षं जस्टिन या धर्मांतरित तत्त्वज्ञाने या आक्षेपाला दोन तोंडांनी उत्तर दिलं होतं. सम्राटाला लिहिताना तो म्हणतो, ज्युपिटरच्या पुत्रांबद्दल तुम्ही जे मानता त्याहून आम्ही काही अचाट सांगत नाही. पर्सियसही कुमारीच्याच पोटी आला ना? आणि पुढे, मिथ्र देवाच्या दीक्षाविधीतली भाकरी आणि पेला ही आमच्या प्रभुभोजनाची सैतानांनी केलेली नक्कल आहे, असंही म्हणतो. सारखं आहे म्हणून स्वीकारा, आणि सारखं दिसतं ते खोटं! पंचवीस डिसेंबरचा वाद मी दोन पानांत आटोपला आहे, कारण त्यात रस कमी आणि गोंगाट जास्त. त्या तारखेची नोंद रोममध्ये ३५४ सालच्या पंचांगात सापडते, त्याच पंचांगात त्या दिवशी अजिंक्य सूर्याचा जन्मोत्सवही आहे, आणि कोणी कोणाचा दिवस उचलला यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. नाताळ साजरा करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

फरक कुठे पडतो ते पिंपळनेरच्या बाजारात बघावं. खंडोजी महाराजांच्या नामसप्ताहाचे दिवस होते. एका बियाण्याच्या दुकानात मालकाने गिऱ्हाइकांना प्रसाद वाटायला घेतला. डोंगरातल्या पाड्यावरून आलेला एक कोकणी शेतकरी हात मागे घेऊन उभा राहिला. मालक त्याला वर्षानुवर्षं ओळखणारा, हसत म्हणाला, “आरे भाऊ, तुमना येशू नि आमना किसन एकच शे ना? मंग ले ना.” त्यावर तो तितक्याच शांतपणे म्हणाला, “देव एक ऱ्हाई भो. पन परसाद नको.” मालकाने प्रसादाचं ताट पुढे सरकवलं आणि उधारीची वही काढली. व्यवहार झाला, चहा झाला. एका वाक्यात त्या शेतकऱ्याने सेल्ससपासून भांडारकरांपर्यंतचा सगळा वाद बाजूला ठेवला होता. देव एक असेलही. अडतं ते ताटाशी.

हे ताट ख्रिस्ती इतिहासाच्या पहिल्याच पानांवर आहे. येरुशलेममध्ये साधारण इसवीसन ४९ च्या सुमारास प्रेषितांची बैठक झाली, यहुदी नसलेल्यांना मंडळीत घ्यायचं तर त्यांच्यावर अटी कोणत्या, हे ठरवायला. सुंता माफ झाली. राहिल्या त्या बहुतेक खाण्याच्या अटी: मूर्तीला वाहिलेलं नको, रक्त नको, गळा दाबून मारलेलं नको, आणि त्यांच्या जोडीला व्यभिचार नको. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने तीन अध्याय प्रामुख्याने या विषयावर खर्च केले आहेत. त्या काळच्या शहरात मांस मिळायचं ते बरंचसं देवळात बळी दिलेल्या जनावराचं. धंद्याच्या, नात्यागोत्याच्या पंगती देवळाच्या आवारातच बसायच्या. तिथून उठायचं म्हणजे गावातून उठायचं. पौलाने काढलेली वाट व्यवहारी होती. देवळाच्या पंगतीला बसू नका. बाजारातलं मांस खुशाल घ्या, चौकशी करू नका. कोणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका.

पुढे इसवीसन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन सुभेदार आजच्या तुर्कस्तानातून सम्राट ट्राजनला पत्र लिहितो. ख्रिस्त्यांचं काय करावं, असा त्याचा प्रश्न. पत्राच्या शेवटी तो समाधानाने कळवतो की आपण कडक धोरण धरल्यापासून देवळं पुन्हा गजबजू लागली आहेत आणि ज्याला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं ते बळीचं मांस पुन्हा खपू लागलं आहे. धर्मांतराची सरकारदरबारी झालेली ही बहुधा सगळ्यांत जुनी नोंद, आणि ती खाटकाच्या गल्ल्यावरून झालेली आहे. कुमारी मातेचा त्यात उल्लेखही नाही.

आता डोंगरात या. वाघबारशीला वाघदेवाची पूजा होते, गावदेवीला कोंबडं-बोकड लागतं, त्यासाठी घरटी फाळा काढतात. मग भगत विधी करतो आणि गाव जेवतं. ज्या घराने बाप्तिस्मा घेतला ते घर फाळा देत नाही आणि पंगतीला येत नाही. गावाची खरी तक्रार असते ती ही. येशूची तसबीर लावली म्हणून कोकणी पाड्यात कोणी कोणाशी भांडत नाही. एक देव वाढला, एवढंच. पण वाघदेवाचा फाळा चुकवला आणि पुढे कुणाचं जनावर वाघरानं नेलं, तर बोट त्या घराकडे जातं. विश्वासी मंडळींनी हा भाग साक्ष देताना गाळू नये, आणि त्यांच्या टीकाकारांनी तो परदेशी पैशाच्या खाली पुरू नये, असं मला वाटतं.

‘पंगतीतून उठायला लावणारा धर्म आपल्याकडचा नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना मी खानदेशातल्या महानुभावांकडे पाहायला सांगतो. चक्रधर स्वामींचा हा पंथ तेराव्या शतकापासून इथे रुजलेला. जळगाव जिल्ह्यातलं कनाशी हे त्यांचं मोठं स्थान. ज्याने उपदेश घेतला त्याने अन्य देवतांची पूजा करायची नाही, त्यांचा प्रसाद खायचा नाही, मांस-मद्य सोडायचं, बळीच्या विधीला उभं राहायचं नाही. एकाच घरात सासू गावदेवीला नारळ फोडते आणि सून ते खोबरं तोंडात घालत नाही, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. त्यावरून रुसवेफुगवे झाले, सोयरिकी अडल्या, पण राष्ट्रीय चर्चा कधी झाली नाही. वारकऱ्याची माळही हलक्या हाताने हेच करते. माळ गळ्यात आली की बोकडाच्या जेवणातून माणूस आपोआप बाजूला होतो.

आदिवासींमध्ये तर हे आणखी ठळक आहे. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि डांगात ‘देवी’ची लाट आली. अंगात आलेली माणसं सांगू लागली: दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. पुढे १९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुला महाराजांनी भिल्लांना आरतीसाठी हजारोंनी जमवलं. दारू नको, स्वच्छता हवी, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारायची. ज्याला सावकाराने, फौजदाराने जन्मभर अरे-तुरे केलं, त्याला शेजाऱ्याने ‘आप’ म्हणणं केवढी मोठी गोष्ट असेल! याच सुमारास चिंचपाडा-नवापूरकडे स्कॅंडिनेव्हियन मिशनच्या मंडळ्या वाढत होत्या, आणि त्यांचंही पहिलं मागणं दारू आणि भगत सोडण्याचंच होतं. एकाच डोंगरातल्या माणसाला माळ, उपदेश, आरती आणि बाप्तिस्मा अशी चार आमंत्रणं मिळत होती. चौघांनीही त्याला मोहाच्या दारूपासून आणि बळीच्या पंगतीपासून उठवलं. त्यांतल्या एकालाच आपण धर्मांतर म्हणतो.

फरक नाही असं मात्र नव्हे. माळकरी झालेला भिल्ल जातीबाहेर जात नाही, आणि जातीच्या उतरंडीत त्याची पायरीही फारशी बदलत नाही. मंडळीत आलेल्याला नवी सोयरीक, नवी पंगत, वाचता येण्याचा आग्रह आणि आजारपणात येणारी माणसं मिळतात. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती वाढीचा हिशेब मांडला. इसवीसन ४० मध्ये हजारभर माणसं धरली आणि दर दशकाला चाळीस टक्के वाढ धरली, तर ३०० सालापर्यंत ती साठ लाखांच्या घरात, म्हणजे साम्राज्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास जातात. यासाठी चमत्काराची किंवा सक्तीची गरज नाही, असं तो म्हणतो. मेहुणा, शेजारी, मालकीण अशा नात्यांतून धर्म पसरला तरी आकडे जमतात. त्याने दुसरा भर दिला तो साथींवर. १६५ ची आणि २५० नंतरची अशा दोन मोठ्या साथींत ख्रिस्ती मंडळींनी आजाऱ्यांना टाकलं नाही. पाणी आणि पेज देणारं कोणी असलं तरी साथीत बरीच माणसं वाचतात, आणि वाचलेला माणूस कोणी पाणी पाजलं ते विसरत नाही. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परतलेला सम्राट ज्युलियन ३६२ साली आपल्या एका पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही आपल्याला लाज आहे.

स्टार्कचे आकडे सगळ्यांना पटत नाहीत, आणि पटावेत असा माझा आग्रह नाही. पण नातं आणि आजार ही त्याची दोन सूत्रं घेऊन नवापूरच्या रस्त्याला लागलं की वाट ओळखीची वाटते. ताप्ती खोऱ्यातली सुरत-भुसावळ रेल्वे नवापूर-चिंचपाड्यावरून जाते. मिशन तिथे रुजलं, १९४२ साली चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय उभं राहिलं. पिंपळनेरला रेल्वे नाही. आमच्या डोंगरात धर्म आला तो चरणमाळच्या घाटाने, सोयरिकीतून. मावच्यांत दिलेली लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्याबरोबर गाणी आली. भाऊ आजारी पडला तेव्हा तिने पाळकाला बोलावून आणलं. मला मिळालेल्या बहुतेक साक्षी इथूनच सुरू होतात. भगताला कोंबडी देऊन झाल्या, डॉक्टरला पैसे देऊन झाले, मग प्रार्थनेला नेलं. काहींमध्ये पुढे माणूस बरा झाला. काहींमध्ये वारला, आणि घर तरीही मंडळीत राहिलं, कारण मंडळी शेवटपर्यंत येत होती. या दुसऱ्या प्रकारच्या साक्षी प्रचारकांच्या पत्रकांत येत नाहीत. मी त्या मुद्दाम घेतल्या आहेत.

मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्मांतर म्हटलं की आठवतात ती वेगळी माणसं. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी, १८८३ साली इंग्लंडमध्ये तो घेणाऱ्या पंडिता रमाबाई, १८९५ साली मुंबईत घेणारे नारायण वामन टिळक. ही शिकलेली, वाद घालणारी, लिहिणारी माणसं. साम्य त्यांना खरोखर उपयोगी पडलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं टिळक सांगत. त्यांच्याही आधी पावणेतीनशे वर्षं गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण ओवीत रचलं ते याच जाणिवेने. जोतीराव फुले तर ख्रिस्ती न होताच येशूला बळीराजाच्या माळेत बसवून मोकळे झाले. मला या तिघांत फुल्यांची तुलना सर्वांत धीट वाटते, कारण ती जन्मकथेवर उभी नाही. कोणी कोणाच्या बाजूने उभं राहिलं, यावर उभी आहे. पण टिळकांच्या घरात काय झालं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. नवरा तुकारामाच्या पुलावरून पलीकडे गेला, आणि बायको पाच वर्षं अलीकडे राहिली ती सोवळ्याओवळ्यापाशी, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं याच्यापाशी. काव्य त्यांना अडवत नव्हतं.

आमिषाच्या आरोपाबद्दल मी मोघम राहणार नाही. आमिषं दाखवली गेली आहेत. दुष्काळात धान्याबरोबर धर्म दिला गेल्याची उदाहरणं मिशनच्या स्वतःच्याच कागदांत आहेत, आणि तिथल्या मिशनऱ्यांनाही त्याची टोचणी होती. बरं करण्याचे अवाच्या सवा दावे आज काही प्रचारक करतात, तेही फसवणुकीच्या जवळ जाणारे आहेत. पण अनुसूचित जमातीच्या माणसाची सवलत धर्म बदलल्याने जात नाही, तशीच ती बदलल्याने वाढतही नाही. बाप्तिस्म्याने पदरात पडतं ते बहुधा गावाशी वाकडं. डिसेंबर १९९८ मध्ये आमच्या डोंगरापलीकडे डांगात प्रार्थनाघरं जाळली गेली, आणि जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी तिथे भेट देऊन धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असं म्हटलं. चर्चा झाली ती दिल्ली-मुंबईत. कोकणी माणसाला त्यात कोणी काही विचारल्याचं मला आढळलं नाही, म्हणून पुस्तकाचा निम्मा भाग त्याच्या बोलण्याला दिला आहे. नावं आणि पाडे गाळले आहेत. कारण सांगायला नको.

शेवटचं प्रकरण दुसऱ्या पिढीचं आहे. ही मुलं ख्रिस्ती घरात जन्मली. त्यांनी काही सोडलेलं नाही, त्यामुळे त्यांना ताटाचा प्रश्न बापासारखा टोचत नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचे दिवस येतात. नेम धरलेले पुरुष अनवाणी, घरापासून दूर राहून, गावोगाव नाचत फिरतात. भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेल्या पावरीचा घुमारा रात्री दरीभर ऐकू येतो. पौर्णिमेच्या सुमारास सगळे गडावर चढतात. तो महिना बहुधा डिसेंबरात पडतो, म्हणजे खालच्या पाड्यावर त्याच आठवड्यांत नाताळच्या गाण्यांची तालीम चाललेली असते, कधी कधी पावरीच्याच चालीवर. थोरले पाळक याला नाराज असतात. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला पाठवलेलं पत्र मी त्या प्रकरणात दिलं आहे: देवळं पाडू नका, मूर्ती काढा, लोकांची बैल मारून जेवायची सवय मोडू नका, पंगत देवाच्या आभारासाठी घाला. तरुण पाळकांना ते आवडलं. थोरल्यांना नाही.

लग्नांत ताटाच्या प्रश्नावर तोडगा निघू लागला आहे. एक घर विश्वासी, दुसरं जुन्या चालीचं, अशा सोयरिकी होतात, कारण कुळी जुळवायच्या तर डोंगरात पर्याय तरी किती! बोलणी बसतात तेव्हा हुंड्या-मानापेक्षा जास्त वेळ बोकडावर जातो. बऱ्याच ठिकाणी आता ठरतं ते असं: देवाचा बोकड आदल्या दिवशी नवऱ्याकडचे आपल्या पाड्यावर कापतात आणि तिथेच संपवतात. लग्नाच्या दिवशी मांडवातल्या जेवणाचा बोकड कुठल्याही देवापुढे न नेता थेट सोलायला घेतात. तो कुठून आणला हे कोणी विचारत नाही. पौलाची पत्रं वाचलेली माणसं त्या मांडवात एखाद-दोनच असतात, आणि तीही त्या वेळी वाढपाच्या कामात असतात.